जनीची वेणी आणि देवीची जट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे. यादवकाळातली देवळं, उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव यांसाठी इतिहासाचे अभ्यासक तिथे जातात. खांबांची मापं घेतात, मूर्ती ओळखतात, दगड कसा जोडला ते पाहतात. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण मराठवाड्यातल्या अशा बारवा आणि विहिरींच्या पायऱ्या शतकानुशतकं रोज चढल्या-उतरल्या त्या बहुतेक बायकांनी, डोक्यावर घागर घेऊन. त्या पाण्याचं काय झालं, याची नोंद कुठल्याही शिलालेखात सापडत नाही. प्यायला किती गेलं, स्वयंपाकाला किती, जनावरांना किती, आणि पाणी आणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या डोक्यावर किती पडलं?

आज मला या शेवटच्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे. दाट, लांब, कुरळे केस, त्यांचा न्हाण्याचा दिवस आणि त्या दिवशी काढायचा गुंता हा आपल्या घराघरातला विषय आहे. तो इतका घरचा आहे, की त्याला इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. पण इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा एक मोठा दुवा याच परभणी जिल्ह्यात, गंगाखेडला सापडतो.

आंघोळ आणि न्हाणं

मराठीत आंघोळ आणि न्हाणं हे दोन वेगळे शब्द आहेत. आंघोळ रोजची, अंगावरून घेतलेली. न्हाणं म्हणजे डोक्यावरून. ‘आज न्हायचंय’ असं घरातली बाई म्हणाली, की त्यात बरंच काही आलं. आदल्या दिवशी तेल लावणं आलं, शिकेकाई उकळायला ठेवणं आलं, जास्तीचं पाणी भरणं आलं, केस वाळवायला ऊन आलं आणि विंचरायला कुणाला तरी बोलावणं आलं. कुठल्या वारी न्हायचं आणि कुठल्या वारी न्हायचं नाही याचे नियमही घराघरांत होते. मासिक पाळीनंतरचं न्हाणं चौथ्या दिवशी ठरलेलं. मुलगी वयात आली म्हणजे तिला ‘न्हाण आलं’ असंच आपली भाषा म्हणते. बाईच्या आयुष्यातले टप्पे डोक्यावरच्या पाण्याने मोजले गेले.

हे पाणी स्वस्त कधीच नव्हतं. कमरेपर्यंतचे दाट केस नीट भिजवायचे, शिकेकाईने चोळायचे आणि स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे, तर दोन-तीन घागरी सहज लागतात. घरात चार बायका असतील तर दहा-बारा घागरी. त्या बारवेतून किंवा आडातून डोक्यावरून आणायच्या. पुन्हा हेही विसरून चालणार नाही, की गावाचं पाणी गावातल्या सर्वांना सारखं खुलं नव्हतं. ज्यांना पाणवठ्याला हात लावायची बंदी होती, त्यांच्या बायकांना वरून कुणी ओतेल तेवढ्यावर भागवावं लागे. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला हा हिशेब वेगळा सांगायला नको. आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा नव्या पिढीलाही तो कळला. पाणी कमी पडलं की पहिली काटछाट न्हाण्यात होते. पिण्याचं पाणी कमी करता येत नाही, न्हाणं मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलता येतं.

गुंता होतो कसा?

केस नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दोऱ्यासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यावर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले दिसतात. या खवल्यांचं तोंड टोकाकडे असतं. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस मऊ लागतो, उलट फिरवलं तर खरखरीत. सरळ केसाचा छेद बहुधा गोल असतो, कुरळ्या केसाचा लंबगोल. कुरळा केस वाटेत वळणं घेतो, प्रत्येक वळणावर शेजारच्या केसात अडकतो. डोक्यातलं नैसर्गिक तेलही त्या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि कोरड्या केसांचे खवले एकमेकांना अधिक धरतात. ओला केस फुगतो, ताणला जातो आणि कमजोर होतो. त्याला कंगव्याने वरून खाली जोरात ओढलं तर तो सुटत नाही, तुटतो.

आपल्या आज्यांना खवले ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. आधी तेल. मग बोटांनी मोठे गुंते मोकळे करायचे. केसांचे भाग पाडायचे. सुरुवात टोकाकडून करायची आणि थोडंथोडं वर सरकत जायचं. गुंत्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. आज कुरळ्या केसांची निगा शिकवणारे याहून वेगळं काही सांगत नाहीत. तेलाबद्दलही पुरावा आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल ते काम करत नाही. अर्थात मराठवाड्यात नारळ दुरून यायचा. इथे घरात असे ते करडईचं, तिळाचं, एरंडीचं तेल. तेही केसांना ओशट ठेवत असे आणि गुंता सोडवण्यापुरतं तेवढं पुरे होई. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस त्यांतल्या सॅपोनिन या द्रव्याचा. साबण घरोघर येण्याच्या कितीतरी आधीपासून तो मळ काढत आला आहे.

आता फणी पाहू. आपली जुनी लाकडी फणी दुहेरी असते. एका बाजूला विरळ दाते, ते गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूला दाट दाते, ते उवा-लिखा काढायला. ही कल्पना किती जुनी असावी? इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात एक चिमुकली हस्तिदंती फणी मिळाली. ती सुमारे 3700 वर्षांपूर्वीची मानतात. तिच्या एका बाजूला सहा जाड दाते होते, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. 2022 मध्ये त्या फणीवरचा मजकूर प्रसिद्ध झाला. तिथल्या प्राचीन वर्णमालेत लिहिलेलं हे सर्वांत जुनं पूर्ण वाक्य मानलं जातं, आणि ते केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दातांनी निघून जावोत, अशा अर्थाचं आहे. माणसाला अक्षर आलं तेव्हा त्याने राजाची स्तुती आणि देवाची प्रार्थना लिहिली, तशी उवांची कटकटही लिहिली.

मराठीत फणी हा शब्द मागावरही भेटतो. पैठणी विणणारा कारागीर उभ्या धाग्यांची रांग ज्या साधनातून ओवून घेतो, तीही फणीच. तिचं काम एकच, शेकडो धागे एकमेकांत न अडकता शेजारी शेजारी ठेवायचे. आणि फणीत अडकून निघालेल्या केसांच्या बोळ्याला आपल्याकडे ‘गुंतवळ’ असा स्वतंत्र शब्द आहे. तीही वाया जात नाही. गुंतवळ घेऊन बदल्यात भांडं किंवा फुगा देणारे फेरीवाले गावोगाव फिरतात. या केसांचा माल कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातो. तिथे बायका तो बोळा बोटांनी आणि सुईने सोडवून एकेक केस वेगळा करतात आणि पुढे त्याचे टोप होतात. एका बाईने विंचरून टाकलेला गुंता दुसरी बाई मजुरीसाठी सोडवते.

राणीची दासी, दासीचं कोण?

केशरचनेचा प्राचीन पुरावा आपल्याकडे भरपूर आहे. इटलीत पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे 1938 मध्ये भारतात घडवलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती मराठवाड्यातच, तेर आणि भोकरदन इथे सापडल्या आहेत. त्या पाँपेईच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना छोट्या दासी उभ्या आहेत, प्रसाधनाचं साहित्य घेऊन. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरसा हाती घेतलेली राजस्त्री रंगवली आहे, तिच्याही शेजारी सेविका आहेत. मध्ययुगीन देवळांच्या बाह्यभिंतींवर न्हाऊन आलेली, केस पिळणारी सुंदरी असते आणि केसांतून गळणारे थेंब मोती समजून टिपणारा हंस तिच्या पायाशी असतो. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत तर न्हालेल्या तरुणीच्या केसांतून ठिबकणाऱ्या पाण्यावर एक गाथा आहे. आता पुन्हा आपल्याला बांधून टाकणार, या भीतीने केस रडताहेत, अशी तिची कल्पना आहे.

हे सगळं सुंदर आहे. पण दगडात, रंगात, हस्तिदंतात राणीच्या दोन्ही बाजूंना ज्या दासी उभ्या आहेत, त्यांचे केस कोण विंचरत होतं? या प्रश्नाचं उत्तर शिल्पकाराने दिलं नाही, चित्रकारानेही नाही. ते मिळतं एका दासीच्याच नावाने चालत आलेल्या अभंगांत.

संत जनाबाईचा जन्म गोदावरीकाठच्या गंगाखेडचा, असं परंपरा सांगते. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी यांच्या, म्हणजे संत नामदेवांच्या घरी कामाला आली आणि आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा धरतात. देवगिरीवर तेव्हा रामदेवराय यादव होता. म्हणजे चारठाण्यासारख्या गावांतली देवळं घडली तो आणि जनीचा काळ एकमेकांपासून फार लांब नाही. एकीकडे मंदिराच्या भिंतीवर सुंदरी केस पिळत होती आणि दुसरीकडे खरीखुरी एक दासी दळण, कांडण, शेणगोठा, पाणी भरणं अशा कामांच्या रगाड्यात न्हायला वेळ शोधत होती.

जनीच्या नावावरच्या एका अभंगात ती तुळशीच्या बनात बसून वेणी उकलते आहे. तिला दुसरं कुणी नाही, म्हणून विठ्ठल हातात लोणी घेऊन तिच्या डोक्याला चोळतो. दुसऱ्या एका अभंगात ती न्हायला बसली आहे, पाणी कढत आहे आणि विसणाला थंड पाणी नाही. देव धावत पाणी घेऊन येतो, स्वतःच्या हाताने विसण घालतो, डोक्यावर पाणी ओततो. फार दिवसांत न्हाणं न झाल्यामुळे केसांची दशा झालेली आहे. देव ते केस हाताळतो, तिला उगी बस म्हणून सांगतो आणि शेवटी वेणी घालतो. त्या क्षणी जनीला तो देव आईसारखा, नव्हे आईच वाटतो.

यातले कुठले अभंग मूळ जनाबाईचे आणि कुठले पुढच्या पिढ्यांनी तिच्या नावावर रचले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आपल्या विषयापुरतं त्याने फार बिघडत नाही. उलट अनेकींनी ते रचले असतील तर साक्ष अधिकच मोठी होते. बारकावे पाहा. विसण नसणं, फार दिवस न्हाणं न होणं, विंचरताना ‘हलू नको’ म्हणून दटावणं हे ज्याच्या डोक्यावरून गेलं आहे त्यालाच सुचेल. आणि मुख्य म्हणजे या अभंगात देवाने कुठलाही मोठा चमत्कार केलेला नाही. अन्नाचा डोंगर उभा केला नाही, सोन्याची नगरी दिली नाही. त्याने पाणी आणलं, तेलाच्या जागी लोणी लावलं आणि गुंता सोडवला. राबणाऱ्या बाईला तीन गोष्टी मिळत नव्हत्या: पुरेसं पाणी, मोकळा वेळ आणि मायेचे दुसरे हात. देवाकडून तिने नेमक्या त्याच घेतल्या.

जनीचं हे दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नव्हतं. आफ्रिकेत कुरळ्या, दाट केसांसाठी लांब दातांच्या फण्या हजारो वर्षं घडवल्या जात होत्या. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात 2013 मध्ये या फण्यांच्या सहा हजार वर्षांच्या परंपरेवर एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. माणसांना पकडून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलं, तेव्हा त्या फण्याही मागे राहिल्या. कापसाच्या मळ्यांवर आठवडाभर राबणाऱ्या बायकांना केसांकडे पाहायला मिळे ते रविवारी. हाताशी काही नसल्याने मेंढीची लोकर पिंजायच्या दातेरी फळीने केस विंचरले जात. ज्यांच्याजवळ स्वतःचा वेळ नव्हता, त्यांनी आठवड्यातला एकुलता मोकळा दिवस एकमेकींचा गुंता सोडवण्यात घालवला. त्यांच्या वंशजांच्या घरांत ‘वॉश डे’ हा आजही ठरवून राखून ठेवलेला दिवस असतो. कुरळ्या केसांमुळे शाळेत वा नोकरीत भेदभाव होऊ नये यासाठी कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा केला, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

गुंत्याला देव चिकटतो तेव्हा

आता दुसरी बाजू. ते दुसरे हात मिळालेच नाहीत तर काय होतं?

पहिल्या आठवड्यात केसात गाठ होते. ती तेल लावून अर्ध्या तासात सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घाम, धूळ, तेलाचा चिकटा आणि उवा यांमुळे गाठीचा लोळा होतो. आणखी काही महिन्यांत खवले एकमेकांत इतके अडकतात, की नमद्यासारखा दाबून घट्ट झालेला पट्टा तयार होतो. तो विंचरून सुटत नाही. हीच जट. वैद्यकात तिला नाव आहे, कारणं माहीत आहेत, वर्णनं उपलब्ध आहेत. त्यात गूढ काही नाही.

पण आपल्याकडे जट दिसली, की घरातलं कुणीतरी हात जोडतं. देवीचं बोलावणं आलं, असं म्हणतं. मग तेल बंद, फणी बंद, पाणीही बंद. जटेला हळदकुंकू लागतं. कापली तर देवीचा कोप होईल, घरातलं माणूस जाईल, ही भीती मनात बसते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात तर जट आलेल्या मुलीला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायची प्रथा होती. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यातला न सोडवलेला गुंता तिचं उभं आयुष्य ठरवत असे. लग्न नाही, घर नाही, हातात परडी आणि गळ्यात दर्शन. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट 2009 मध्ये आला, त्यातल्या नायिकेची फरफट केसात आलेल्या जटेपासूनच सुरू होते. मुली देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 मध्येच कायदा झाला होता, कर्नाटकाने 1982 मध्ये केला, महाराष्ट्राने 2005 मध्ये नवा कायदा केला. कायद्याने वाहणं गुन्हा ठरलं. डोक्यातली भीती मात्र कलमांनी जात नाही.

जट मुख्यतः कुणाला होते, हे पाहिलं की गोष्ट उलगडते. पहाटे अंधारात फडावर जाणारी ऊसतोड बाई, जिच्या कोपीत पाणी पिण्यापुरतंच असतं. आजारात महिनाभर अंथरुणाला खिळलेली. बाळंतपणानंतर कुणी पाहायला नसलेली. मनाने खचलेली, जिला विंचरायचीच इच्छा उरलेली नाही. आईविना वाढणारी पोर. या प्रत्येकीजवळ जनीच्या त्या तीन गोष्टींपैकी एक तरी नव्हती. अभाव होता तो पाण्याचा, वेळेचा आणि हातांचा, आणि आपण त्याला देवीचा प्रसाद हे नाव दिलं.

यावर कुणी म्हणेल, की ही आपल्याकडच्या मागासलेपणाची गोष्ट झाली. तसं नाही. युरोपात पोलंडमध्ये अगदी हेच घडलं होतं. तिथे जटेला ‘कोल्तून’ म्हणत. अंगातला रोग केसांवाटे बाहेर पडतो आहे आणि कोल्तून कापला तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल, असं गावोगाव मानलं जाई. ‘पोलंडची जट’ या अर्थाचं लॅटिन नाव युरोपातल्या वैद्यकाने त्याला दिलं आणि मोठमोठे वैद्यही शतकानुशतकं तो रोग आहे की नाही यावर वाद घालत राहिले. क्राकूव शहरातले प्राध्यापक युझेफ डिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुग्ण तपासून ठामपणे सांगितलं, की हा रोग नव्हे, ही अस्वच्छता आणि अंधश्रद्धा आहे. त्यांनी कापण्याची मोहीम चालवली. कोल्तून बाळगणाऱ्यांवर सरकार कर बसवणार, अशी अफवा पसरली आणि तिनेच अनेकांचे कोल्तून उतरवले, असंही सांगतात. पुढे हेच डिट्ल क्राकूवचे नगराध्यक्ष झाले. आज कोल्तून हा शब्द पोलिश भाषेत बुरसटलेल्या विचारांच्या माणसासाठी वापरतात.

आपल्याकडे हे काम अफवेने झालं नाही, समजुतीने चाललं आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली, पण समितीचं जटनिर्मूलनाचं काम थांबलं नाही. पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांचा मूळ व्यवसाय ब्यूटी पार्लरचा. केसांचं ज्ञान हाताशी होतंच, ते त्यांनी या कामाला लावलं आणि दोनशेहून अधिक बायकांना जटेतून सोडवलं. यात कात्री चालवणं हा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग असतो. त्याआधी घरी जाऊन बसावं लागतं, पुनःपुन्हा जावं लागतं. नवरा, सासू, दीर सगळ्यांशी बोलावं लागतं. कापल्यावर काही वाईट झालं तर, या प्रश्नाला न चिडता उत्तर द्यावं लागतं. जुनी जट मोठी आणि जड असते. मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, आत उवा आणि जखमा असतात, वासामुळे माणसं दूर बसतात. जट गेली की डोकं हलकं होतं, हे शब्दशः खरं असतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांनी कतरगाम क्षेत्रातल्या जटाधारी स्त्रियांचा अभ्यास केला. 1981 मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं, की प्रत्येकीच्या जटेमागे तिचं एक खासगी दुःख आहे आणि जटेमुळेच तिला समाजात थोडा मान, थोडं संरक्षण मिळालं आहे. आपल्याकडच्या जोगतिणींबाबतही हे खरं आहे. कुणाला जट उतरवायची असेल तर उतरवण्याआधी तिला हे सांगता आलं पाहिजे, की हा मान गेल्यावर तुझ्या पदरात दुसरं काय पडेल. जबरदस्तीने कापलेली जट आणि जबरदस्तीने राखलेली जट यांत बाईच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हींत तिचं डोकं तिचं नसतं.

या महाराष्ट्राने तोही अनुभव घेतला आहे. एकीकडे जोगतिणीच्या केसांना फणी लावायची बंदी होती, दुसरीकडे उच्चवर्णीय घरांत विधवेचे केस सक्तीने उतरवले जात. त्या केशवपनाविरुद्ध 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्या कारागिरांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच हात मागे घेतला.

फणी-करंडा कुणासाठी?

आपल्या परंपरेतच याचं एक साधं उत्तर आहे आणि ते रोज डोळ्यांसमोर असतं. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यापुढे आरसा, फणी, करंडा ठेवतात. हरितालिकेच्या वाणात फणी असते. देवीला आपण फणी वाहतो, तिची वेणीफणी करतो. जी देवी स्वतः फणीचा मान घेते, ती आपल्या लेकीला फणी लावू नका असं कशाला सांगेल? आणि ज्या विठ्ठलाने, संतपरंपरेच्या म्हणण्याप्रमाणे, दासीच्या डोक्यातल्या उवा-गुंता यांची किळस केली नाही, त्याच्या महाराष्ट्रात गुंत्याला हात लावायला भ्यायचं कारण काय?

आज चारठाण्यासारख्या गावांतही रुपया-दोन रुपयांची शाम्पूची पुडी मिळते. घागरींची जागा नळाने आणि टँकरने घेतली. कुरळे केस लपवायचे नसतात, हे मुलींना आता कळू लागलं आहे. तरी दाट, कुरळ्या केसांना वेळ लागतोच. लहान मुलगी न्हाण्याच्या दिवशी रडते, घरातलं माणूस वैतागतं, ‘कापूनच टाका’ म्हणतं किंवा तसंच बांधून शाळेत पाठवतं. असं दोन-चार आठवडे झालं, की गाठीचा लोळा होतो आणि मग शेजारची कुणीतरी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागते.

म्हणून आई नसेल घरी तर बापाने, आजोबाने, भावाने शिकावं. हे काही फक्त बायकांचं काम नाही, जनीच्या अभंगात ते पांडुरंगाने केलं आहे. आदल्या रात्री तेल लावावं. केसांचे चार भाग करावेत. टोकाकडून सुरुवात करावी. गाठ आली तर ओढू नये, वरचे केस मुठीत धरून बोटांनी हळूहळू मोकळी करावी. विरळ दातांचा कंगवा आधी, दाट दातांची फणी नंतर. शेजारीपाजारी कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, म्हातारी एकटी असेल, तर तिलाही विचारावं, ‘बसता का जरा, विंचरून देते.’ जट रोखायला याहून मोठा उपाय लागत नाही, आणि तो करायला अर्धा-पाऊण तास पुरतो.